सीमाभागाचा रकाना रिकामा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एमबीएच्या प्रवेशपरीक्षांवर अख्खं पान होतं. ध्येय मोठं ठेवा, वेळेचं नियोजन करा, आत्मविश्वास सोडू नका, असं सगळं त्यात होतं. त्याच पानावर खाली तीन क्लासच्या जाहिराती होत्या. लेख वाईट नव्हता. पण तो वाचून माझ्या दुकानात येणाऱ्या एकाही मुलाचा अर्ज सुधारला नसता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर खुशाल काटछाट करा, फक्त मधला भाग ठेवा. तो माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे.

टिळकवाडीत रेल्वे गेटच्या अलीकडं माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सोळा वर्षं झाली. आधी नुसतं झेरॉक्स आणि स्पायरल होतं, मग पॅनकार्ड आलं, शिष्यवृत्ती आली, आणि आता बाराही महिने कसले ना कसले ऑनलाइन अर्ज चालू असतात. मी स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले. मॅनेजमेंट म्हणाल तर दोन मशीन, एक कॉम्प्युटर आणि पावसाळ्यात लाइट गेली की रांगेतल्या लोकांची समजूत काढणं, एवढंच मला येतं. पण आयआयएम, म्हणजे केंद्राच्या मोठ्या मॅनेजमेंट संस्था, ज्या परीक्षेवर प्रवेश देतात ती कॅट, महाराष्ट्राची सीईटी आणि कर्नाटकाची पीजीसीईटी या एमबीएच्या प्रवेशपरीक्षांचे अर्ज मी सात-आठ वर्षं भरते आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये काय होतं ते मला ठाऊक नाही. त्याच्या आधी काय होतं ते मात्र रोज दिसतं.

कॅटचा अर्ज साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला निघतो आणि सप्टेंबरच्या मध्यावर बंद होतो. आमच्याकडं पोरं येतात ती गणपती विसर्जन झाल्यावर. "काकू, आज शेवटची तारीख ओ, जरा लवकर करा की." सही पांढऱ्या कागदावर नसते, फोटो दोन वर्षांपूर्वीचा असतो, पदवीच्या मार्कलिस्टा गावी राहिलेल्या असतात. फोटो मी काढून देते, सही दुकानातच करून घेते, त्याचं काही नाही. अडतं ते जातीच्या दाखल्यापाशी.

आपल्याकडं कर्नाटकात मागासवर्गीयांची वर्गवारी प्रवर्ग १, २अ, २ब, ३अ, ३ब अशी. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून, येणारा दाखला त्या वर्गवारीचा असतो, आणि मुलांना वाटतं हाच सगळीकडं चालतो. आयआयएमला तो चालत नाही. तिथं केंद्र सरकारची ओबीसी यादी बघतात. जात त्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रीमी लेयरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो. राज्याच्या यादीत नाव आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, आणि असलं तरी जुना दाखला उपयोगाचा नाही. नंदगडकडच्या एका मुलीकडं २अचा दाखला होता, जातही केंद्राच्या यादीत होती, फक्त त्या नमुन्यातला कागद नव्हता. तारीख होती तीन दिवसांवर. तिचे वडील दोन दिवस कचेरीच्या खिडकीपाशी बसून आले. कागद आला तो पुढच्या आठवड्यात. मुलीनं सर्वसाधारण गटातून अर्ज भरला आणि ओबीसींच्या २७ टक्के जागांवरचा हक्क तिथंच सुटला, कारण एकदा भरलेला प्रवर्ग नंतर बदलून देत नाहीत. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाच्या दाखल्याचंही तेच. आठ लाखांखालचं उत्पन्न, पाच एकरांखालची शेती हे सगळ्यांना पाठ असतं. दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो, हे कुणाला माहीत नसतं. हे कागद जून-जुलैतच करून ठेवायचे असतात. पेरणीच्या दिवसांत कोण करणार, हा प्रश्न आहेच.

आता माझ्या चुकीबद्दल.

काही वर्षांपूर्वी बेळगाव तालुक्यातल्या एका गावचा मुलगा आला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महाराष्ट्राच्या सीईटीत त्याला चांगले पर्सेंटाईल मिळाले होते. ती परीक्षा कॅटपेक्षा वेगळी. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, त्यात लॉजिकलचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५०, इंग्रजीचे ५०. अडीच तास नुसतं धावायचं. मुलगा चलाख होता, निकाल हातात घेऊन हसतच आला. मुंबईच्या जमनालाल बजाजपर्यंत पोचणार नाही, पण पुण्यात बरं कॉलेज मिळेल, असा त्याचा हिशेब होता आणि तो चूक नव्हता. मग प्रवेशफेरीचा अर्ज भरायला बसलो. महाराष्ट्राचे रहिवासी आहात का? नाही. दहावी कुठून? कर्नाटक. बारावी? कर्नाटक. पदवी? कर्नाटक. पुढं आणखी एक प्रश्न होता, वादग्रस्त सीमाभागाचा. मी तो नीट वाचलासुद्धा नाही. हात सवयीनं 'नाही'वर गेला. मुलगा शेजारीच उभा होता. त्यानंही वाचला नाही. अर्ज गेला तो महाराष्ट्राबाहेरचा उमेदवार म्हणून.

तुमच्या वाचकांपैकी किती जणांना हे माहीत आहे, मला शंका आहे, म्हणून सविस्तर लिहिते. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत उमेदवारांचे प्रकार असतात. त्यातला 'ई' प्रकार आपल्यासाठी आहे. वादग्रस्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात राहणारा, तिथल्या संस्थेतून शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी महाराष्ट्र राज्याचाच उमेदवार धरला जातो. त्यासाठी दोन दाखले लागतात, एक रहिवासाचा आणि एक मातृभाषेचा. दोन्हीचे नमुने माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांत असतात, त्याच नमुन्यात ते घ्यायचे. एवढं केलं की मूल राज्याच्या रांगेत उभं राहतं. नाही केलं तर साऱ्या देशातल्या मुलांबरोबर मोजक्या जागांसाठी भांडायचं.

तो मुलगा ते भांडण हरला. पहिली यादी लागली तेव्हा आम्हाला वाटलं, यंदा चुरस जास्त आहे. तात्पुरत्या गुणवत्ता यादीनंतर तक्रार नोंदवायला दिवस दिलेले असतात, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. शेवटी त्याच्याबरोबरच्या, त्याच्यापेक्षा कमी पर्सेंटाईलच्या निपाणीच्या मुलाला पुण्यात जागा मिळाली, आणि तो सहज बोलून गेला, "तू ई भरलं नाहीस?" मुलगा माझ्याकडं आला. रागावला असता तर बरं झालं असतं. अर्जाची प्रिंट काढून दे म्हणाला, तो रकाना बघितला, आणि प्रिंटचे पैसे ठेवून गेला.

मी १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत गेलेली बाई आहे. सासरे सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालाची तारीख तोंडपाठ सांगायचे. महाराष्ट्रानं मागितलेली ८६५ गावं, हा आकडा या भागातल्या लहान पोराला माहीत असतो. २००४पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याच्या प्रत्येक तारखेला तुमच्या पेपरात मोठा मथळा येतो. एवढ्या सगळ्या लढ्यातून एक रकाना अर्जात आला, आणि तो भरायची वेळ आली तेव्हा आम्ही 'नाही' म्हणून मोकळे झालो. याचा दोष मी कुठल्याच सरकारवर टाकू शकत नाही. नेत्यांची भाषणं खूप ऐकली. दोन दाखले लागतात हे एकाही भाषणात ऐकलेलं आठवत नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारते. दहावी कुठली, आणि घरी भाषा कुठली. चंदगडहून इथल्या कॉलेजात येणाऱ्या मुलांचं आणखी वेगळं असतं. बारावी तिकडची, पदवी इकडची. त्यांचा मार्ग डोमिसाईलचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अधिवासाच्या दाखल्याचा. कर्नाटकातल्या सरकारी जागांसाठी पीजीसीईटी द्यायची तर सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचं दाखवावं लागतं. एकाच बाकावर बसणारी तीन मुलं, तिघांचे कागद तीन प्रकारचे. हे सीमाभागातच होतं. पुण्याचा लेखक हे लिहिणार नाही, त्यात त्याची चूक नाही.

जाहिरातींबद्दल थोडं. उद्यमबागेत मोल्डिंगचं काम करणारे एक गृहस्थ क्लासची पावती झेरॉक्स करायला आले होते. '९९ पर्सेंटाईल' असं तिच्यावर छापलेलं. ते म्हणाले, "शंभरात नव्याण्णव मार्क म्हंजे अवघडच की ओ, आमचा पोरगा साठाच्या वर कधी गेला नाही." त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की पर्सेंटाईल म्हणजे गुण नव्हेत, शंभरातली किती मुलं तुमच्या मागं राहिली तो आकडा. २०२४ साली कॅटला २.९३ लाख मुलं बसली. ९९ पर्सेंटाईल म्हणजे तुमच्या पुढं साधारण तीन हजार मुलं. पेपर २०४ गुणांचा होता आणि एवढ्या पर्सेंटाईलला त्यातले निम्म्याच्या आसपास गुण पुरतात. म्हणजे प्रश्न सोडून देणं हाही अभ्यासाचाच भाग. बरोबरला तीन, चुकीला उणे एक. पर्याय नसलेल्या प्रश्नांना मात्र चुकलं तरी उणे नाही.

आणि हीच सवय सीईटीत नडते. तिथं चुकीला गुण कापत नाहीत, पीजीसीईटीतही नाहीत. शहापूरचा एक मुलगा कॅटच्या तयारीनं इतका शिस्तीचा झाला होता, की सीईटीत येत नाही ते तीस-पस्तीस प्रश्न त्यानं कोरे ठेवले. बाहेर येऊन अभिमानानं सांगत होता. मी झेरॉक्सवाली, मी त्याला सांगायचं?

आणखी एक. दहावीचे गुण आता गेले, असं समजून मुलं येतात. आयआयएम बेंगळुरू दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींचे गुण मोजते, कामाचा अनुभवही मोजते. दहावीत असलेल्या भावंडांना हे आत्ताच कळलेलं बरं.

अभ्यासाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण एका मुलीचं सांगते. खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, इथं बी.कॉम. दुपारी दोनला कॉलेज सुटायचं, तिची बस साडेचारला. दोन-अडीच तास ती माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसायची. शक्ती योजनेमुळं बस फुकट झाली होती, तर पासाच्या वाचलेल्या पैशात तिनं इंग्रजी पेपर लावला. क्लास परवडणारा नव्हता. रोज एक अग्रलेख वाचायचा आणि मला मराठीत चार वाक्यांत सांगायचा, असं तिनं स्वतःच ठरवलं. मी मशीन चालवत ऐकायची. मधेच विचारायची, "म्हणजे लिहिणारा बाजूनं आहे की विरोधात?" मग तिला परत बघावं लागायचं. पहिल्या महिन्यात एका अग्रलेखाला पाऊण तास लागायचा. बरेचदा लेखक काय म्हणतोय ते आम्हा दोघींनाही कळायचं नाही. दिवाळीनंतर दहा-बारा मिनिटांवर आली. पुढं मला कळलं, की कॅटच्या इंग्रजी भागातले २४ पैकी १६ प्रश्न अशाच उताऱ्यांवर असतात आणि त्यांत हेच विचारतात, लिहिणाऱ्याचं म्हणणं नेमकं काय. प्रत्येक भागाला चाळीस मिनिटं, एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. गणितात हुशार असलेलं आपलं मराठी माध्यमाचं पोर पहिल्या चाळीस मिनिटांतच बुडतं, ते इथं. आणि हे वाचन शेवटच्या दोन महिन्यांत कुठल्याच क्लासमध्ये विकत मिळत नाही.

गणिताचं तिचं अडायचं ते शब्दांपाशी. गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, काळ-काम-वेग, लसावि-मसावि, सगळं शाळेत पक्कं झालेलं. पण 'रेशो', 'एलसीएम' आलं की थबकायची. तिनं शंभर पानी वही केली. डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी, खाली एक-एक उदाहरण. त्या वहीच्या झेरॉक्स मी आजवर चाळीसेक मुलांना दिल्या आहेत. पैसे घेत नाही, कागदाचे तेवढे घेते.

तिला कॅटमध्ये ८८ पर्सेंटाईल मिळाले. आयआयएमला ते पुरण्यासारखे नव्हते. कॅटचे गुण धरणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेचं मुलाखतीचं बोलावणं आलं. 'नेतृत्व म्हणजे काय'ची पाठ केलेली उत्तरं मोबाइलमध्ये घेऊन ती गेली. त्यांनी विचारलं, वडील काय करतात? वीटभट्टीवर हिशेब लिहितात. मग विचारलं, एका विटेला खर्च किती येतो? हा हिशेब तीच लिहायची, वडिलांचे डोळे अधू झाल्यापासून. माती, भाताचं तूस, लाकूड, भट्टी लावणाऱ्यांची उचल, आणि अवकाळी पावसात भिजून गेलेल्या कच्च्या विटा कुठल्या खात्यावर टाकायच्या, हे सगळं तिनं सांगितलं. त्यांनी दहा मिनिटं दुसरं काही विचारलंच नाही. निवड झाली, पण फी ऐकून घरच्यांनी नको म्हटलं. शेवटी सीईटीतून पुण्याला गेली, आणि तो 'ई'चा रकाना मी तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, मग माऊसवर हात ठेवला.

फीवरून आठवलं. मोठ्या आयआयएमची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या पुढं गेली आहे. आकडा ऐकूनच बाप उठून जातात. नोव्हेंबर २०२४मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजनेला केंद्रानं मंजुरी दिली. निवडक चांगल्या संस्थांत प्रवेश मिळाला तर तारणाशिवाय, जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतही आहे. कर्ज ते कर्जच, ते फेडावं लागणारच. पण शेत गहाण टाकावं लागेल या भीतीनं अर्जच न भरणारी पोरं मी बघते, त्यांना एवढं तरी कळू दे.

तुमच्याकडं मागणं छोटं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेपरच्या एका कोपऱ्यात चौकट छापा. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला आणि ईडब्ल्यूएसचा दाखला आत्ता काढा, एवढंच त्यात लिहा. दुसरी चौकट महाराष्ट्राची सीईटी झाल्यावर, प्रवेशफेरीच्या आधी छापा. त्यात 'ई' प्रकार, दोन दाखले आणि तक्रारीच्या मुदतीकडं लक्ष ठेवा, एवढं पुरे. क्लासच्या जाहिरातींच्या मधे चार बोटं जागा लागेल. आपल्या कॉलेजांतल्या प्लेसमेंटच्या खोल्यांवर कुलूप असतं, त्यातली एक खोली त्या पंधरवड्यात उघडी ठेवून एखाद्या प्राध्यापकानं बसावं, असंही वाटतं. ते नाही जमलं तर माझ्या दुकानाच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत कागद लावला आहेच. गेल्या पावसात शाई पसरली, आता लॅमिनेशन करून लावला आहे.

माझं आणि दुकानाचं नाव छापू नये ही विनंती. त्या मुलाला मी चूक माझी होती हे सांगितलं, तो आता उद्यमबागेतच एका कारखान्यात हिशेबाला आहे. त्याचे वडील तुमचाच पेपर घेतात, आणि त्यानं त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

आपली,
एक वाचक
टिळकवाडी, बेळगाव